आधी कोणाचे देणे?

पुण्यात किंवा ठाण्यात भाड्याने राहणाऱ्या माणसाच्या हातात घरपट्टीचे बिल सहसा पडतच नाही. ते मालकाचे काम. घरपट्टी थकली तर महिन्याला दोन टक्के शास्ती चढते, मार्चअखेर नोटिसा निघतात, कधी थकबाकीदाराच्या दारात बँड वाजतो, आणि थोडे थांबले तर शास्तीत सूट देणारी अभय योजनाही येते. थांबलेल्याचे फारसे बिघडत नाही, हे आपण लहानपणापासून पाहिलेले असते. असा तरुण इंग्लंडमध्ये जाऊन स्लाऊला किंवा लेस्टरला घर भाड्याने घेतो तेव्हा दोन गोष्टी त्याला कोणी सांगत नाही. तिथला कौन्सिल टॅक्स घरमालक नाही, घरात राहणारा भरतो. आणि तिथे थांबलेल्याचे फार लवकर बिघडते.

हा लेख मुख्यतः तिथल्याच लोकांविषयी आहे. महिन्याची मिळकत ठरलेली, तीही तोकडी, आणि देणी चार-पाच: भाडे, वीज, गॅस, क्रेडिट कार्ड, कौन्सिल टॅक्स. सगळी देणी एकाच महिन्यात भागत नाहीत, हे अशा घरात सगळ्यांना माहीत असते. प्रश्न असतो तो आधी कोणाचे द्यायचे हा. बहुतेक घरांत त्याचे उत्तर चुकते, आणि त्याचा दोष त्या घरांना देता येणार नाही. व्यवस्थाच अशी आहे की जो सगळ्यात कमी आवाज करतो त्याच्याच हातात सगळ्यात धारदार हत्यार असते.

कौन्सिल टॅक्सचा जन्म एका फसलेल्या करातून झाला. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८९ मध्ये स्कॉटलंडमध्ये आणि १९९० मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये दरडोई कर आणला. लोक त्याला पोल टॅक्स म्हणत. कोट्यधीश आणि त्याचा माळी एकाच कौन्सिलच्या हद्दीत राहत असतील तर दोघांना जवळपास सारखाच भरणा. ३१ मार्च १९९० रोजी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात दंगल झाली, लाखोंनी कर भरला नाही, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात थॅचर गेल्या. घाईने उभारलेला नवा कर १ एप्रिल १९९३ पासून लागू झाला. घराची १ एप्रिल १९९१ ची अंदाजे किंमत धरून ए ते एच अशा आठ श्रेणी केल्या. चाळीस हजार पौंडांपर्यंतचे घर ए, तीन लाख वीस हजारांवरचे एच. इंग्लंडमध्ये त्यानंतर फेरमूल्यांकन झालेलेच नाही. आजही बिल १९९१ च्या किमतीवर येते. एच श्रेणीचा कर ए श्रेणीच्या फक्त तिप्पट असतो, मग ते घर कितीही कोटींचे असो. वेस्टमिन्स्टरमध्ये डी श्रेणीचे वर्षाचे बिल हजार पौंडांच्या आसपास असते, तर नॉटिंगहॅममध्ये अडीच हजारांच्या वर. २०२५-२६ मध्ये इंग्लंडची डी श्रेणीची सरासरी २,२८० पौंड होती.

कौन्सिलांचीही ओढाताण आहे, हे विसरून चालणार नाही. वृद्धांची देखभाल, निराधार मुलांचा सांभाळ, बेघरांचा निवारा हे सगळे त्यांच्याच अंगावर आहे, आणि केंद्राचे अनुदान आटले आहे. स्लाऊने २०२१ मध्ये, बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅमने २०२३ मध्ये आपला हिशेब जुळत नसल्याची कायदेशीर नोटीस काढली. स्लाऊने २०२३-२४ मध्ये कर ९.९९ टक्क्यांनी वाढवला, त्याच वर्षी क्रॉयडनने १४.९९ टक्क्यांनी. त्यामुळे वसुलीला बसलेला कारकून खलनायक नाही. पण वसुलीची रीत मात्र वाईट आहे, आणि ती कोणत्याही एका कारकुनाच्या हातात नाही. ती १९९२ च्या नियमांत लिहिलेली आहे.

ती रीत एका उदाहरणाने पाहू. एक बाई, एक लहान मूल, भाड्याचे घर. वर्षाचे बिल १,८०० पौंड. घरात एकच प्रौढ असल्याने २५ टक्के सूट, म्हणजे १,३५० पौंड. कौन्सिल नेहमीप्रमाणे एप्रिल ते जानेवारी असे दहा हप्ते करते: महिना १३५ पौंड. एप्रिलचा हप्ता तिने भरला. मे महिन्यात कामाचे तास कमी मिळाले, हप्ता राहिला. स्मरणपत्र येते: सात दिवसांत भरा. तिने भरले नाही तर आणखी सात दिवसांनी हप्त्यांची सवलतच संपते आणि उरलेल्या सगळ्या वर्षाचे १,२१५ पौंड एकदम देय होतात. जिच्याकडे १३५ नव्हते तिच्याकडे आता १,२१५ मागितले जातात. स्मरणपत्रावर वेळेत भरून ती सावरली तरी अशी संधी वर्षातून दोनदाच. तिसऱ्या वेळी स्मरणपत्र येत नाही, थेट अंतिम नोटीस येते.

त्यानंतर मॅजिस्ट्रेट कोर्टाचे समन्स. कौन्सिल एका दिवसात शेकडो, मोठ्या शहरांत हजारो प्रकरणे एकत्र मांडते, आणि बहुतेक जण येतच नाहीत. आले तरी कोर्टापुढचा प्रश्न अगदी छोटा असतो: हा कर या व्यक्तीवर लागू आहे का, आणि तो भरला गेला आहे का? ‘मला परवडत नाही’ हा तिथे बचाव नाही. कोर्ट उत्पन्न विचारत नाही, मुले किती ते विचारत नाही. कर देय असल्याचा हुकूम, म्हणजे लायबिलिटी ऑर्डर, निघते, वर खर्च चढतो. खर्चाचा आकडा कौन्सिलगणिक वेगळा, म्हणून आपण ८० पौंड धरू. मग प्रकरण बेलिफांकडे गेले की फाइल उघडल्याबद्दल ७५ पौंड आणि दारात पाऊल ठेवल्याबद्दल २३५. हे दर २०१४ च्या नियमांनी ठरले. बेरीज १,६०५ पौंड. त्यातले ३९० पौंड निव्वळ वसुलीचा खर्च, म्हणजे जवळजवळ तीन हप्ते. कौन्सिल टॅक्सच्या थकबाकीवर व्याज लागत नाही हे खरे, आणि आपल्याकडच्या शास्तीपेक्षा ते बरेही वाटते. पण महिना दोन टक्क्यांनी १३५ पौंडांवर वर्षभरात सुमारे ३२ पौंड चढले असते. तिथे काही महिन्यांतच ३९० चढले.

कोर्टखर्चाच्या या आकड्याला एका माणसाने आव्हान दिले, आणि त्याची हकिकत सांगण्यासारखी आहे. पॉल निकोल्सन हे चर्च ऑफ इंग्लंडचे निवृत्त धर्मोपदेशक. पोल टॅक्सच्या काळापासून थकबाकीदार गरिबांबरोबर ते कोर्टात जाऊन उभे राहत. त्यातूनच झॅकियस २००० ही संस्था उभी राहिली. बायबलमधला झॅकियस हा जकातवसुली करणारा. लोकांकडून जास्तीचे घेतलेले चौपट परत करीन म्हणणारा. एप्रिल २०१३ मध्ये सरकारने कौन्सिल टॅक्सची देशभरची गरिबांसाठीची सवलत बंद केली, तिच्या निधीतले दहा टक्के कापले आणि उरलेल्या पैशात प्रत्येक कौन्सिलने आपापली योजना करावी असे सांगितले. निवृत्तांना धक्का लावायचा नाही, अशी अट होती. त्यामुळे सगळी कपात कामाच्या वयाच्या गरिबांवर पडली. अनेक कौन्सिलांनी काहीच मिळकत नसलेल्यांकडूनही कराचा काही हिस्सा मागायला सुरुवात केली.

लंडनमध्ये हॅरिंगे कौन्सिलच्या हद्दीत राहणाऱ्या निकोल्सन यांनी निषेध म्हणून स्वतःचा कर भरणे थांबवले. टॉटनहॅमच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाने त्यांच्यावर ऑर्डर काढली आणि १२५ पौंड खर्च लावला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: हे १२५ पौंड कसे काढले? कोर्टाला उत्तर देता आले नाही, कारण कोर्टानेच ते कधी विचारले नव्हते. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला की आकडा कसा आला याची पुरेशी माहिती नसताना तो मंजूर करणे बेकायदा होते. त्याआधी, २०१४ मध्ये, हॅरिंगेनेच नवी सवलत योजना ठरवताना लोकांचे मत नीट घेतले नव्हते असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. निकोल्सन २०२० मध्ये वारले. त्यांचा तो प्रश्न आजही समन्स मिळालेला कोणीही विचारू शकतो: एवढा खर्च कसा आला, हिशेब दाखवा.

बेलिफ दारात आला की माणसे घाबरून दार उघडतात, आणि तिथेच अधिकार हातून जातो. कौन्सिल टॅक्सच्या वसुलीसाठी पहिल्या भेटीत दार फोडता येत नाही. उघड्या दाराने, शांतपणे आत येता येते, तेही सकाळी सहा ते रात्री नऊ या वेळातच. घरी फक्त सोळा वर्षांखालची मुले असतील तर आत शिरता येत नाही. खिडकीतून किंवा बंद दाराच्या टपालफटीतून बोलता येते. आत घेऊन सामानाच्या यादीवर सही केली, की मग पुढच्या वेळी जबरदस्तीने येण्याचा मार्ग त्यांना मोकळा होतो. स्वयंपाकाची शेगडी, फ्रिज, कपडे धुण्याचे यंत्र, बिछाने, आणि १,३५० पौंडांपर्यंतची कामाची अवजारे जप्त होत नाहीत. मात्र दारात उभी गाडी अडकवली जाऊ शकते, आणि टॅक्सी किंवा पार्सल पोहोचवून पोट भरणाऱ्यांना ही भीती मोठी असते. बेलिफाची नोटीस आल्यापासून तो येईपर्यंत किमान सात दिवस मिळतात. त्या सात दिवसांत हप्त्यांवर बोलणे झाले तर २३५ पौंड वाचतात. हॅमरस्मिथ अँड फुलहॅम कौन्सिलने २०१८ मध्ये कौन्सिल टॅक्ससाठी बेलिफ पाठवणे बंद केले. इतर कौन्सिलांना तसे करण्यापासून कायदा अडवत नाही.

कौन्सिलकडे दुसरा मार्ग असतो पगारातून कपातीचा. त्याचा तक्ता नियमांतच छापलेला आहे. इंग्लंडमध्ये हातात येणारा मासिक पगार ९०० ते १,४२० पौंडांच्या दरम्यान असेल तर १२ टक्के, १,४२० ते २,०२० असेल तर १७ टक्के. हा तक्ताही मुले मोजत नाही, भाडे मोजत नाही. तरीही माझे स्पष्ट मत आहे की हप्ते ठरवता आले नाहीत तर बेलिफापेक्षा पगारातली कपात बरी, कारण तिच्यात दारात येण्याचे २३५ पौंड नाहीत. युनिव्हर्सल क्रेडिट हा कमी उत्पन्नावरचा सरकारी भत्ता मिळत असेल तर त्यातूनही ठरावीक लहान रक्कम वळती होऊ शकते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ: आधी कोणाचे?

तिथले कर्जसल्लागार सगळ्या देण्यांची दोन गटांत विभागणी करतात. पहिल्या गटात न भरल्यास घर, उजेड, ऊब किंवा स्वातंत्र्य जाऊ शकते अशी देणी: भाडे किंवा गृहकर्ज, वीज, गॅस, कौन्सिल टॅक्स, कोर्टाचे दंड. दुसऱ्या गटात क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्जे, हप्त्यावर घेतलेल्या वस्तू. पण घरात अनुभव उलटा येतो. कार्ड कंपनी रोज फोन करते, संदेश पाठवते, क्रेडिट स्कोअर पडेल म्हणून बजावते. कौन्सिलचे मात्र एक पाकीट येते, आणि मग दुसरे. माणूस ज्याचा तगादा जास्त त्याला देतो. शिवाय स्कोअरची धास्ती असते, कारण पुढे घर घ्यायचे असते, फोन घ्यायचा असतो. कार्ड कंपनीला आधी कोर्टात जाऊन निकाल मिळवावा लागतो, आणि तिथे न्यायालय ऐपतीप्रमाणे हप्ता लावून देऊ शकते. उत्पन्न-खर्चाचा कागद पाठवला तर अनेक कंपन्या काही काळ व्याज थांबवतात, महिन्याला एक पौंड घ्यायलाही तयार होतात. उलट कौन्सिलची लायबिलिटी ऑर्डर क्रेडिट नोंदीत दिसतच नाही. म्हणजे स्कोअर जपण्यासाठी कार्डाचे पैसे भरणारा माणूस चांगल्या स्कोअरसह बेलिफाला सामोरा जातो.

हा क्रम बदलणे हेच कर्जातून बाहेर येण्याचे खरे पहिले काम. त्यासाठी सगळी पाकिटे फोडून एका टेबलावर मांडावी लागतात. हे लिहायला सोपे आहे, करायला नाही. महिनोन् महिने न फोडलेली पाकिटे खणात ठेवणारी माणसे आळशी नसतात. त्यांना रात्री झोप नसते. म्हणून हे काम एकट्याने करू नये. सिटिझन्स अॅडव्हाइस ही संस्था १९३९ पासून लोकांच्या असल्याच अडचणी सोडवते आहे. स्टेपचेंज आणि नॅशनल डेटलाइन फोनवरही सल्ला देतात. तिन्हींचा सल्ला फुकट. पैसे घेऊन कर्जमुक्तीची हमी देणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावे. त्यांचा कल पाच-सहा वर्षे हप्ते भरायला लावणाऱ्या करारांकडे असतो, कारण त्यात त्यांची फी असते.

सल्लागारामार्फत इंग्लंड-वेल्समध्ये मे २०२१ पासून साठ दिवसांचा श्वास मिळतो. योजनेचे नावच ब्रीदिंग स्पेस. त्या काळात बहुतेक कर्जांवरचे व्याज, दंड, फोन, बेलिफ सगळे थांबते. जुन्या कौन्सिल टॅक्सची वसुलीही. चालू भाडे आणि चालू बिले मात्र भरत राहावी लागतात. मानसिक आजाराच्या तीव्र अवस्थेत उपचार चालू असतील तर ही सवलत उपचार संपेपर्यंत आणि पुढे तीस दिवस टिकते.

ज्यांच्याकडे खरोखर काहीच शिल्लक उरत नाही त्यांच्यासाठी डेट रिलीफ ऑर्डर आहे. एकूण कर्ज पन्नास हजार पौंडांच्या आत, महिन्याची शिल्लक ७५ पौंडांपर्यंत, मालमत्ता दोन हजारांच्या आत, स्वतःचे घर नसलेले. चार हजार पौंडांपर्यंतची एक गाडी वेगळी धरतात. ऑर्डर मिळाली की बारा महिने धनको हात लावू शकत नाहीत, आणि वर्ष संपल्यावर कौन्सिल टॅक्सच्या थकबाकीसह ही कर्जे माफ होतात. आधी यासाठी ९० पौंड फी होती. कर्जातून सुटण्यासाठीसुद्धा आधी पैसे जमवा, अशी ती क्रूर अट होती. एप्रिल २०२४ मध्ये ती गेली आणि जूनमध्ये कर्जाची मर्यादा तीसवरून पन्नास हजारांवर आली. इतकी चांगली सुधारणा फार क्वचित होते.

पण त्याही आधी पाहायचे ते बिलच बरोबर आहे का. युनिव्हर्सल क्रेडिट मिळू लागले की कौन्सिल टॅक्सचे आपोआप भागेल अशी समजूत फार पसरलेली आहे. तसे होत नाही. कराच्या सवलतीसाठी कौन्सिलकडे वेगळा अर्ज लागतो, आणि तो न केल्याने थकबाकी साठलेली घरे पुष्कळ आहेत. घरात सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर करच माफ. घरातल्या आजोबांना स्मृतिभ्रंश झाला असेल आणि त्यासाठीचा भत्ता मिळत असेल तर कर मोजताना त्यांना धरत नाहीत. त्यांच्याबरोबर एकच प्रौढ राहत असेल तर २५ टक्के सूट मिळते, ते एकटे असतील तर पूर्ण माफी. आणि कायद्याच्या १३ए कलमानुसार निव्वळ हलाखीच्या आधारावरही बिल कमी करण्याचा अधिकार कौन्सिलला असतो. असा अर्ज आला तर त्याचा विचार करावाच लागतो.

मराठी घरांना इथे एक वेगळी अडचण आहे. शिक्षणाच्या, नोकरीच्या किंवा केअर वर्करच्या व्हिसावर गेलेल्यांना सहसा सरकारी मदतीचा हक्क नसतो, आणि कमी उत्पन्नावरची कौन्सिल टॅक्सची सवलत त्या मदतीतच मोडते. ती मागितली तर व्हिसाच्या अटीचा भंग होतो. एकट्या प्रौढाची २५ टक्के सूट मात्र त्यात येत नाही. विद्यार्थ्याची माफीही नाही. ब्रीदिंग स्पेस आणि डेट रिलीफ ऑर्डरही त्या मदतीत मोडत नाहीत. हे ठाऊक नसल्याने लोक भीतीने हक्काचेही मागत नाहीत. विद्यार्थ्यांची माफी अभ्यासक्रम संपताच संपते. पदवीनंतरच्या व्हिसावर नोकरी शोधत असतानाच पहिले बिल येते. खोल्या वेगवेगळ्या कराराने दिलेल्या घरात मात्र कर सहसा मालकावर असतो, म्हणून करारनामा पाहावा.

त्यात आणखी एक देणे असते जे तिथल्या कोणत्याही यादीत आपणहून येत नाही: इकडच्या बँकेचे शैक्षणिक कर्ज. त्यापायी आईवडिलांचे घर गहाण असते. तिकडचा मुलगा कौन्सिलचे पाकीट बाजूला ठेवून आधी इकडचा हप्ता भरतो. त्याला चूक म्हणण्याची माझी हिंमत नाही, घर त्याच्या आईचे आहे. पण सल्लागाराला हे कर्ज सांगितलेच पाहिजे, कारण तिकडची कर्जमाफी इकडच्या जामीनदाराला सोडवत नाही. आणि हे घरी फोनवरही सांगितले पाहिजे. लाजेपोटी मित्राकडून उसने, त्या मित्रासाठी दुसऱ्याकडून उसने, असे करत विनापरवाना सावकारापर्यंत पोहोचलेली माणसे आपल्यातही आहेत.

शेवटचे हत्यार तुरुंग. न्यायाधीशाने माणसाची ऐपत आणि हेतू तपासून, जाणूनबुजून किंवा घोर हलगर्जीपणाने कर चुकवला असे ठरवले तर इंग्लंडमध्ये आजही तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २०१६ मध्ये वेल्समधल्या एका आईला ८१ दिवसांची शिक्षा झाली. ती काही आठवडे आत राहिली, आणि पुढे न्यायालयाने तिची कैद बेकायदा ठरवली. वेल्सने एप्रिल २०१९ पासून ही शिक्षाच काढून टाकली. स्कॉटलंडमध्येही ती नाही. तरी कर तिथेही गोळा होतोच. इंग्लंडमध्ये मार्च २०२४ अखेर सगळ्या वर्षांची मिळून थकबाकी सुमारे सहा अब्ज पौंड होती. बेलिफ, खर्च आणि कैदेची धमकी असूनही ती एवढी झाली. ज्यांच्याकडे नाही त्यांच्याकडून खर्च चढवून जास्त येत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसे दिसावे?

२०२५ च्या उन्हाळ्यात सरकारने काही बदल लोकांपुढे विचारासाठी मांडले: दहाऐवजी बारा हप्ते हीच मूळ पद्धत असावी, पूर्ण वर्षाची मागणी करण्याआधी अधिक अवधी द्यावा. बारा हप्त्यांची मागणी आजही करता येते, आणि ती कौन्सिलला मान्य करावी लागते. आपल्या उदाहरणातल्या बाईचा हप्ता त्याने १३५ वरून ११२ पौंड ५० पेन्सवर येतो. पुढच्या वर्षाची बिले मार्चमध्ये निघतात. त्याच पत्रावर कौन्सिलचा पत्ता असतो, आणि बारा हप्त्यांची मागणी एप्रिल उजाडण्याआधीच लेखी केलेली बरी.